आधी आपलं ओळखपत्र दाखवा, साहेब

माननीय जिल्हाधिकारी आणि माननीय जिल्हा पोलीस अधीक्षक यांस,

स.न.वि.वि.

जानेवारीत आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर आपल्या कार्यालयांचं एक पत्रक लागलं. तोतया अधिकाऱ्यांपासून सावध राहा, घरी येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याचं ओळखपत्र तपासा, असं त्यावर मोठ्या अक्षरात छापलं आहे. मी ते तीनदा वाचलं. घरी आलो, वही काढली, आणि रागाच्या भरात जे लिहिलं ते फाडून टाकलं. हे पत्र दोन महिन्यांनी, शांत डोक्याने लिहितोय. एक प्रत आपल्या दोन्ही कार्यालयांत दिली आहे. तरी ते लोकांसमोरही ठेवतोय, कारण हे एकट्या माझ्या घरचं दुःख नाही. गावोगावी हेच चाललं आहे.

मी कास्तकार आहे. ८ एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर. त्याआधी, आणि काही वर्षं शेतीबरोबरच, मी १२ वर्षं होमगार्ड होतो. गणपती, दुर्गादेवी, पोळा, निवडणुका, जिथे बोलावलं तिथे उभा राहिलो. म्हणजे ज्या कपड्याबद्दल मी लिहिणार आहे तो मी स्वतः अंगावर घातलेला आहे. त्याची घडी कशी करायची, पट्टा कसा चमकवायचा, आणि तो घातल्यावर समोरच्या माणसाच्या डोळ्यांत काय उतरतं, हे मला ठाऊक आहे.

आधी आमच्या घरी तोतये आले तेव्हा काय घडलं ते सांगतो.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी, दुपारी बारा-साडेबाराला, माझ्या मोठेबाबांच्या घरी एक पांढरी जीप आली. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, वय ७१. जीपच्या काचेवर लाल अक्षरात ‘महाराष्ट्र शासन’ अशी पाटी होती. तिघं उतरले. एकाची पँट खाकी, पायात तांबडे बूट. दुसऱ्याच्या गळ्यात पट्ट्याला अडकवलेलं कार्ड, पण ते उलटं फिरलेलं. तिसऱ्याच्या बगलेत फाईल. “जिल्ह्यावरून आलो, कृषीचं भरारी पथक. चोर बीटी ठेवता म्हणून तक्रार आहे,” एवढंच ते बोलले.

चोर बीटी हा शब्द बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवा. तणनाशक फवारलं तरी जी पऱ्हाटी मरत नाही, तिच्या बियाण्याला आपल्या देशात मान्यता नाही. बोंडअळी रोखणाऱ्या बीटी कापसाला २००२ साली मान्यता मिळाली, ह्याला मिळालेली नाही. तरी ते येतं आणि विकलं जातं. म्हणून मे-जून आला की खरी पथकंही फिरतात आणि प्रत्येक कास्तकाराच्या पोटात गोळा असतो, त्याने ते बियाणं घेतलेलं असो वा नसो.

मोठेबाबांनी घेतलेलं नव्हतं. त्यांच्या घरात ५ पाकिटं होती, परवानाधारक कृषी केंद्रातून घेतलेली, पक्क्या बिलाची. बिल लोखंडी पेटीत, सातबाऱ्याच्या घडीत ठेवलेलं. पेटी त्या तिघांपासून चार हातांवर होती.

मोठेबाबांनी बिल दाखवलं नाही. त्यांनी शेजारून खुर्च्या आणल्या. ओसरीवर सतरंजी टाकली. मोठीआईने चहा ठेवला. ते तिघं घरात फिरले, कोठीतलं धान्य उपसलं, पाकिटं बाहेर काढली आणि म्हणाले की गुन्हा दाखल होईल, बेड्या पडतील, नाहीतर जागेवर दंड भरा. ३० हजारांपासून बोलणी सुरू झाली. तूर विकून पेरणीसाठी ठेवलेले १८ हजार रुपये मोठेबाबांनी देवघरातल्या डब्यातून काढून दिले. त्या लोकांनी एका छापील पुस्तकातून पावतीही फाडून दिली. जाताना मोठेबाबांनी त्यांना हात जोडले.

“बिल होतं ना पेटीत,” मी नंतर विचारलं. “मग काहून नाही दाखवलं?”

“सायेब आले ना जी. त्यायनं गुन्हा म्हनलं अन् मले वाटलं, आपलंच काही चुकलं आसन.”

हे वाक्य मी विसरू शकत नाही. ७१ वर्षांच्या माणसाने आयुष्यात कुणाची काडी चोरली नाही. त्याच्याकडे स्वतःच्या निर्दोषपणाचा कागद आहे, आणि तो कागद काढायचं त्याला सुचत नाही, कारण समोर खाकी पँट आणि फाईल आहे. मोठीआईला आणखी एक गोष्ट डाचते. “त्यायनं बुटं बी काढले नाही, देवघरापावतर तसेच गेले, अन् म्या काही म्हनलं नाही,” असं ती अजून म्हणते. १८ हजारांपेक्षा तिला त्या बुटांचं जास्त लागलं आहे.

आता माझी गोष्ट. त्या दुपारी मी बंडीत शेणखत घेऊन फाट्याकडून येत होतो. ती जीप मला आडवी आली. मी बंडी धुऱ्याच्या बाजूला दाबली, बैल थांबवले, आणि उजवा हात कपाळाशी नेऊन सलाम ठोकला. कुणी सांगितलं नव्हतं. पाटी वाचली आणि हात आपोआप वर गेला. आतला माणूस हसून मान हलवून गेला. माझंच घर लुटून निघालेल्या माणसांना मी, १२ वर्षं वर्दी घातलेला माणूस, सलाम करून वाट दिली. पानठेल्यावर बसलेल्यांनी त्यांना मोठेबाबांचं घर बोट दाखवून सांगितलं होतं. त्यांतल्या एकानेही ‘तुम्ही कोण’ असं विचारलं नाही. म्हणून मी मोठेबाबांना भोळे म्हणत नाही, आणि कुणी म्हणालं तर मला ते सहन होत नाही.

होमगार्डात असताना मी हे रोज पाहिलं. सकाळी बनियनवर वावरात निघालो की चौकातले म्हातारे “काय रे, कुठं चालला?” म्हणत. त्याच दिवशी संध्याकाळी बंदोबस्ताला खाकी घालून निघालो की तीच माणसं उठून उभी राहत. एसटीत जागा मिळे. हॉटेलवाला चहाचे पैसे घेत नसे. पहिली दोन वर्षं मी ते दिले नाहीत, आणि आज मला त्याची लाज वाटते. मेळ्यात एकदा मी नुसता हात वर केला तर तीस-चाळीस माणसं जागच्या जागी थांबली. का थांबवलं हे कुणी विचारलं नाही. खरं म्हणजे मी त्यांना थांबवलंच नव्हतं, माझ्या सोबत्याला हात दाखवत होतो. माणूस तोच, आवाज तोच, फरक तीन मीटर कापडाचा. होमगार्ड म्हणजे पोलीस नव्हे, आमच्या खांद्यावरचं चिन्हही वेगळं असतं, पण ते वाचायला कुणी थांबत नाही. नजर खाकीवर पडते आणि मान खाली जाते.

माझी मुलगी नागपूरला मानसशास्त्र शिकते. मोठेबाबांची हकिगत ऐकून ती सुट्टीत आली तेव्हा ओसरीवर बसून तिने आम्हाला काही गोष्टी सांगितल्या. त्या इथे सांगतो, कारण त्या ऐकल्यावर मोठेबाबा बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

जर्मनीत बर्लिनजवळ तेव्हा कोपेनिक नावाचं गाव होतं. १६ ऑक्टोबर १९०६ ला विल्हेल्म फोग्ट नावाच्या माणसाने, जो धंद्याने चांभार होता आणि आयुष्याची बरीच वर्षं तुरुंगात काढून आलेला होता, जुन्या कपड्यांच्या दुकानांतून जमवलेली लष्करी कॅप्टनची वर्दी घातली. रस्त्यावरून जाणाऱ्या शिपायांना त्याने थांबवलं, ‘माझ्यामागे चला’ म्हणाला, आणि ते गेले. त्यांना रेल्वेने कोपेनिकला नेलं, तिथल्या नगराध्यक्षाला अटक केली, खजिन्यातली रक्कम ताब्यात घेतली, आणि तिची पावतीही दिली. पावतीचं ऐकल्यावर मोठेबाबा सरसावून बसले. “त्यायले बी देल्ली?” त्यांनी विचारलं. पुढे फोग्ट पकडला गेला, ४ वर्षांची शिक्षा झाली आणि १९०८ साली बादशहाने त्याला माफी दिली. नगराध्यक्ष शिकलेला होता, शिपाई हत्यारबंद होते. तरी वर्दीच्या आत कोण आहे हे कुणी पाहिलं नाही.

दुसरी गोष्ट १९६१ सालची, अमेरिकेतल्या येल विद्यापीठातली. स्टॅन्ली मिलग्रॅम नावाच्या संशोधकाने साधीसुधी माणसं बोलावली. त्यांना सांगितलं की पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की बटण दाबून विजेचा झटका द्यायचा, आणि दर चुकीला झटका वाढवायचा. वीज खरी नव्हती, पलीकडचा माणूस नाटक करत होता, पण बटण दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. शेजारी राखाडी कोट घातलेला एक माणूस शांतपणे ‘पुढे चालू ठेवा’ म्हणत राही. पहिल्या ४० माणसांपैकी २६ जणांनी शेवटच्या, म्हणजे ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत मजल मारली. घाम फुटला, हात थरथरले, तरी दाबलं. हीच आज्ञा कोट नसलेल्या साध्या माणसाने दिली तेव्हा ऐकणारे फार थोडे निघाले.

आणि तिसरी गोष्ट मला माझ्या अनुभवाला सर्वांत जवळची वाटली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात लिओनार्ड बिकमन यांनी भर रस्त्यावर प्रयोग केला. तो १९७४ साली छापला गेला. एक माणूस कधी साध्या कपड्यांत, कधी दूधवाल्याच्या पोशाखात, कधी पहारेकऱ्याच्या वर्दीत उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, ती कागदी पिशवी उचल, त्या माणसाला नाणं दे. पहारेकऱ्याचं लोकांनी सर्वांत जास्त ऐकलं. पहारेकऱ्याला असला हुकूम देण्याचा काही अधिकार नव्हता. दूधवाल्यालाही गणवेश होता, पण त्याचा साध्या माणसापेक्षा काही जास्त उपयोग झाला नाही. नुसता गणवेश पुरत नाही, त्यातून दंडुक्याची आठवण यावी लागते.

पण साहेब, इथपर्यंत सांगून मी थांबलो तर आपण म्हणाल की माणसाचा स्वभावच असा आहे, प्रशासन काय करणार? इथेच माझं म्हणणं वेगळं आहे. माणूस वर्दीपुढे वाकतो हे जगभर खरं असेल. पण विचारण्याची हिंमत वाढवायची की ठेचायची, हे त्या-त्या ठिकाणच्या खऱ्या साहेबांच्या हातात असतं. आमच्याकडे ती ठेचली गेली आहे. तोतयाने आमच्या घरी पीक कापलं, पण नांगरणी-पेरणी खऱ्या अधिकाऱ्यांनी आधीच करून ठेवली होती. हे मी कशाच्या आधारावर म्हणतो ते पुढे लिहितो.

पहिली तक्रार पोलीस ठाण्यातली. दुसऱ्या दिवशी मी मोठेबाबांना घेऊन ठाण्यात गेलो. साडेतीन तास बाकावर बसलो. मग पहिला प्रश्न आला: “ओळखपत्र का नाही पाहिलं?” दुसरा: “तुमच्याकडे खरंच चोर बीटी होतं का? म्हणूनच पैसे दिले ना?” मोठेबाबा तिथे रडले. मी त्यांना आयुष्यात दुसऱ्यांदा रडताना पाहिलं, पहिल्यांदा त्यांचा बैल वीज पडून गेला तेव्हा. साध्या कागदावर अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि ‘चौकशी करू’ म्हणून परत पाठवलं. गुन्हा नोंदवला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत लोकसेवक असल्याची तोतयेगिरी करणं हा कलम २०४ खाली गुन्हा आहे. फसवण्यासाठी लोकसेवकासारखा पोशाख घालणं किंवा ओळखचिन्ह बाळगणं हा कलम २०५ खाली वेगळा गुन्हा आहे. कायदा करणाऱ्यांना कपड्याची ताकद ठाऊक होती म्हणूनच त्यांनी नुसत्या कपड्यासाठी स्वतंत्र कलम लिहिलं. आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की तो नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ ला सांगून ठेवलं आहे. आमच्याकडे आज दहा महिन्यांनंतरही फक्त शिक्का मारलेला अर्ज आहे.

दुसरी तक्रार ह्याहून मोठी आहे, आणि हे पत्र लिहायला बसवलं ते तिनेच. मे महिन्यातल्या प्रकारानंतर आमच्या घरात ठरलं, आता कुणीही येवो, आधी ओळखपत्र विचारायचं. ऑक्टोबरात एका खात्याचे दोन जण मीटर पाहायला मोठेबाबांकडे आले. खातं कोणतं ते लिहीत नाही, मला एका माणसाची नोकरी घालवायची नाही. घरी आमची वहिनी एकटी होती. ती दारातच उभी राहून म्हणाली, “ओळखपत्र दाखवता का जी?” आवाज वर नव्हता, शेजारणींनी ऐकलं आहे. त्यावर तो माणूस म्हणाला, “मी कोण आहे ते तुला आता कागदावरच दाखवतो.” आणि सरकारी कामात अडथळा आणला म्हणून केस करतो असा दम दिला. वहिनी घाबरून बाजूला झाली. ते दोघं खरे कर्मचारी निघाले, दोघांच्याही खिशात ओळखपत्रं होती. ते काढायला पाच सेकंद लागले असते.

त्या पाच सेकंदांत काय गमावलं गेलं ते पाहा. आमच्या वाड्यावर एका बाईने पहिल्यांदा योग्य ते केलं होतं. अख्खी आळी पाहत होती. आळी काय शिकली? विचारलं की केस होते. आता पुढच्या मे महिन्यात पांढरी जीप आली तर त्या आळीतलं कोण विचारेल?

‘सरकारी कामात अडथळा’ ह्या शब्दांबद्दल थोडं. कितीतरी कार्यालयांत दारावरच पाटी असते, आधी जुन्या दंड संहितेच्या कलम ३५३ ची, आता तिथे नवी कलमं येत आहेत. म्हातारी बाई निराधारच्या पगारासाठी जाते, तिला पायरीवरच तुरुंगाची आठवण करून दिली जाते. जुन्या ३५३ च्या जागी आता न्याय संहितेचं कलम १३२ आहे. त्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर व्हावा लागतो. नाव विचारणं हा हल्ला नव्हे. उलट, पोलिसांपुरतं बोलायचं तर १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जे ११ नियम घालून दिले, त्यांतला पहिलाच नियम हा की अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. अटक-तपास कसा करायचा हे सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्येही नावाची ठळक ओळख लावण्याचं बंधन आहे. म्हणजे ओळख देणं हे साहेबांचं कर्तव्य आहे, आणि आमच्याकडे ते आम्ही विचारलं तर गुन्हा होतो. ह्या पाट्यांच्या शेजारी ‘आमचे नाव आणि ओळखपत्र विचारणे हा आपला हक्क आहे’ अशी पाटी मी आजवर एकाही कार्यालयात पाहिली नाही.

तिसरी तक्रार गाड्यांची. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेही लाल दिवे उतरले. आमच्या तालुक्यात दिवे गेले आणि पाट्या आल्या. मोटरसायकलच्या नंबर प्लेटवर ‘पोलीस’, खासगी जीपवर ‘महाराष्ट्र शासन’, पुतण्याच्या गाडीवर काकाचा हुद्दा. बाजाराच्या दिवशी फाट्यावर उभं राहा, तासाभरात डझनभर दिसतील. ह्यांना नाक्यावर कुणी अडवत नाही. ज्याने मोठेबाबांना लुटलं त्याने ती पाटी कुठल्याशा दुकानातून करून घेतली असेल. पण ती पाटी पाहून वाट सोडायची सवय आम्हाला ह्या बाकीच्या पाट्यांनी लावली आहे.

फोनवरच्या फसवणुकीचं मी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर बोललं जातं. शेजारच्या गावातले एक निवृत्त गुरुजी ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली दीड दिवस फोनसमोर बसून होते. पडद्यावर वर्दीतला माणूस, मागे झेंडा, भिंतीवर चिन्ह. बायकोला पाणी मागायचीही त्यांना भीती वाटत होती. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितलं की अशी अटक कायद्यात नाही. १९३० ह्या क्रमांकावर तक्रार करता येते हेही लोकांना हळूहळू कळतंय. ही चांगली गोष्ट आहे. पण जो माणूस पडद्यावरच्या वर्दीपुढे हलत नाही तो दारातल्या वर्दीपुढे आधीच गोठलेला असतो.

आम्ही वऱ्हाडातली माणसं. निजामाने वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या हाती दिलं. त्याआधीचे आणि नंतरचे कितीतरी साहेब आमच्या आज्यापणज्यांनी घोड्यावर बसलेले पाहिले. ‘सरकार आलं’ हा शब्द आमच्याकडे एका माणसासाठी वापरतात, ही सवय तेव्हापासूनची असावी. पण ह्याच मातीत गाडगेबाबा झाले. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. गावात शिरले की आधी रस्ता झाडायला लागत. त्या वेषाला बघून कुणीही वाट सोडली नसती. आणि रात्री कीर्तनाला उभे राहिले की हजारो माणसं बसत. ते हुकूम देत नसत, उलट समोरच्यांनाच प्रश्न विचारत आणि त्यांच्याकडूनच उत्तर वदवून घेत. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले. त्यांचा फोटो आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर असेल. त्या फोटोखाली बसणाऱ्यांनी गावात येऊन स्वतःचं नाव सांगायला कमीपणा मानू नये, एवढंच मला वाटतं.

आता मागण्या. घरगुती भाषेत लिहितो.

सर्वांत आधी हा एक आदेश काढा, बाकी काहीच झालं नाही तरी चालेल: कोणत्याही खात्याचा कर्मचारी गावात कुणाच्या दारी गेला तर त्याने विचारायची वाट न पाहता ओळखपत्र हातात द्यावं, नाव, खातं आणि कशासाठी आलो ते सांगावं, आणि मगच उंबरा ओलांडावा. तुमचं पत्रक आम्हाला तपासायला सांगतं. तपासण्याचं ओझं ७१ वर्षांच्या माणसावर आणि एकट्या बाईवर का? दाखवण्याची जबाबदारी पगारी माणसावर टाका. खरे अधिकारी सगळे न विचारता दाखवायला लागले तर जो दाखवत नाही तो आपोआप उघडा पडेल. आम्हाला धीट व्हायचीही गरज उरणार नाही.

ओळखपत्र विचारलं म्हणून कुणाला केसचा दम दिला तर त्या कर्मचाऱ्यावर कारवाई होईल, असं त्याच आदेशात लिहा, आणि जिथे जिथे अडथळ्याची पाटी आहे तिथे शेजारी आमच्या हक्काची पाटी तेवढ्याच मोठ्या अक्षरात लावा.

कोणतंही पथक गावात आलं तर पोलीस पाटलाला किंवा कोतवालाला सोबत घेतल्याशिवाय घरझडती होऊ नये. ग्रामपंचायतीत एक वही ठेवा, आलेल्याने त्यात नाव, हुद्दा, गाडी नंबर, वेळ लिहून सही करावी. खर्च एका वहीचा.

जागेवर रोख दंड नाही, हे दवंडी पिटून सांगा. बियाण्यांच्या १९६६ च्या कायद्यात निरीक्षकाला नमुना घेता येतो, त्याचे तीन भाग करून एक भाग ज्याच्याकडून घेतला त्याला द्यावा लागतो. शिक्षा न्यायालय करतं. ओसरीवर बसून दंड घ्यायचा अधिकार कुणालाच नाही. मोठेबाबांना हे ठाऊक असतं तर ती पेटी उघडली असती. पेरणीच्या आधी प्रत्येक गावात कृषी सहायकाने एकदा उभं राहून हे दहा मिनिटं सांगावं.

खासगी गाड्यांवरच्या पाट्या उतरवा, आणि सुरुवात आपल्याच कर्मचाऱ्यांच्या मोटरसायकलींपासून करा.

मोठेबाबांच्या अर्जाचा गुन्हा नोंदवा. पावतीचं पुस्तक छापील होतं, म्हणजे कुठेतरी छापलं गेलं आहे. आम्ही ती पावती जपून ठेवली आहे. आजवर ती पाहायला कुणी आलं नाही.

आणि एक मागणी पैशाची किंवा आदेशाची नाही. ऑक्टोबरात वहिनीला दम देणाऱ्या त्या माणसाला एकदा तिच्या दारी पाठवा. माफी मागायला लावू नका, ती तिला नको आहे. त्याने फक्त पायरीखाली उभं राहून ओळखपत्र दाखवावं. आळीतल्या बायांना ते पाहू द्या.

होमगार्डांना आणि पोलिसांतल्या माझ्या जुन्या सोबत्यांनाही ह्या पत्रातून सांगतो, मी तुमच्याविरुद्ध लिहीत नाही. रात्र-रात्र उभं राहून पाय सुजतात ते मी भोगलं आहे. आपली वर्दी कुणीही बाजारातून विकत घेऊन आपल्याच आईबापांना लुटतोय, ह्याचा राग तुम्हाला माझ्याहून जास्त यायला हवा. छातीवरची नावाची पट्टी झाकू नका. कुणी विचारलं तर ‘दाखवतो ना काका’ म्हणा.

मार्च संपत आला. उन्हाळवाही सुरू आहे, महिनाभरात कृषी केंद्रांत पाकिटं येतील आणि पुन्हा जीपा फिरतील. मोठेबाबांनी ह्या वर्षी बिलं पेटीत ठेवायची नाहीत असं ठरवलं आहे. ओसरीच्या खांबाला खिळा ठोकून ठेवला आहे, त्यात अडकवणार आहेत. पण परवा फाट्यावर एक पांढरी गाडी थांबली तेव्हा ते खुर्ची आणायला उठले. गाडी लग्नाच्या वऱ्हाडाची होती.

१ मेला आमची ग्रामसभा आहे. आपलं उत्तर त्याआधी यावं, ते मी सभेत वाचून दाखवणार आहे. उत्तर लेखी असावं, आणि खाली सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा वाचता येईल असा लिहावा.

माझं नाव, गाव आणि फोन आपल्या कार्यालयात दिलेल्या प्रतीवर आहे. इथे लिहिलं नाही ते मोठेबाबांच्या इच्छेखातर; नात्यागोत्यात आणखी चर्चा व्हावी असं त्यांना वाटत नाही.

आपला,
एक कास्तकार, माजी होमगार्ड